अंगणाला काच

कपाळ काचेवर आपटलं तेव्हा मुश्तरीला आधी हसूच आलं. एका हातात चहाची किटली, बगलेत वडिलांची उशी, आणि समोर रोजचंच अंगण: द्राक्षाचा वेल, त्याखालचा मोठा लाकडी पलंग, पलीकडे कठडा आणि कठड्याबाहेर नवव्या मजल्यावरून दिसतं तेवढं धुरकट ताशकंद. सगळं होतं तसं दिसत होतं, फक्त तिथे जाता येत नव्हतं. किटलीच्या तोटीतून चहा उडून मनगटावर आला. तिनं उशी खाली टाकली आणि आंधळ्यासारखा हात पुढे केला. बोटांना काच लागली. थंड, स्वच्छ, कुठे डाग नाही. फक्त मधोमध आता तिच्या कपाळाचा तेलकट ठसा उमटला होता. शेजारच्या एल्योरच्या दाराच्या चौकटीपासून निघून ती काच अंगणात वावभर आली होती आणि एका पांढऱ्या उभ्या पट्टीशी संपली होती. वळसा घालून जाणं सहज शक्य होतं. पण मुश्तरी तिथेच उभी राहिली. इतकी वर्षं ती या दारातून सरळ चालत अंगणात गेली होती. मध्ये काही असेल अशी शंका पायांना कधी आली नव्हती.

"लागलं का आपा?" एल्योर दारात आला. अंगात बनियन, हातात दात घासायचा ब्रश. "काल संध्याकाळीच बसवली. नुसता नमुना आहे. म्हटलं, आधी सगळ्यांनी बघावी, हात लावावा."

"हात नाही, कपाळ लावलं."

"म्हणजे बघा, काच किती चांगली आहे. दिसतच नाही."

तो हे मनापासून म्हणाला. एल्योरची हीच पंचाईत होती, तो सगळंच मनापासून म्हणे. बाजारात फरश्यांचं दुकान, तीन मुलं, बायको फेरुझा शिक्षिका. आणि गेल्या वर्षी मुश्तरीच्या वडिलांचा उजवा हात लुळा पडला तेव्हा त्यांना उचलून खाली गाडीपर्यंत नेणारा हाच. अशा माणसावर रागवायचं कसं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"आणि ही कशासाठी?"

"धुळीसाठी, आपा. फेरुझा दिवसातून दोनदा पुसते तरी नानवर धूळच फासून खातो आम्ही. शिवाय पोरं मोठी झाली, एक खोली हवी. सहाव्यावाल्यांनी केलं, तिसऱ्यावाल्यांनी केलं, बाराव्यावर तर झुंबर लावलंय. आता आपणच राहिलो. लोक विचारतात, नवव्यावर काही अडचण आहे का म्हणून." तो हसला. "चौघांनी चार कोपरे घ्यायचे, मध्ये जायला यायला वाट. बाहेरची काच मी घालतो, तुम्ही काही बघायचं नाही. रविवारी बसू सगळे, दोमलांच्या समोर. त्यांच्या शब्दाबाहेर मी नाही."

दोमलांच्या शब्दाबाहेर कुणीच नव्हतं. या इमारतीत असं म्हणायची रीत होती, कारण इमारतीचा आराखडा अब्दुवाहिद दोमलांनीच काढला होता, आणि दोमला म्हणजे तिचे वडील, त्यांना गुरुजी म्हणून सगळे दोमला म्हणत. लोक त्यांचा शब्द असा जपून ठेवत की तो वापरायची वेळच येऊ देत नसत. सहाव्या मजल्याचं अंगण बंद झालं तेव्हा सहाव्यावाले हलव्याचं ताट घेऊन वर आले होते, वडिलांच्या दोन्ही हातांना हात लावला होता, तब्येतीची, मुलीची, वेलाची चौकशी केली होती आणि परत गेले होते. काच आदल्या दिवशीच बसून झाली होती.

ताशकंदचा तो मोठा भूकंप झाला तेव्हा वडील विद्यार्थी होते. जुन्या मोहल्ल्यातलं त्यांचं मातीचं घर पहाटे बसलं, माणसं वाचली ती अंगणात झोपली होती म्हणून. नंतर सगळ्या सोव्हिएत देशातून बांधणारे आले, रुंद रस्ते आले, ओळीनं उभ्या सिमेंटच्या चाळी आल्या आणि मोहल्ल्यातल्या माणसांना एकावर एक रचून ठेवण्यात आलं. वडील त्या रचणाऱ्यांपैकीच एक झाले; पण त्यांच्या डोक्यात एक काटा होता. जमीन हलली म्हणून अंगण सोडायचं का, ते म्हणत, अंगण वर न्यायचं. बऱ्याच वर्षांनी त्यांना एक उंच इमारत प्रयोग म्हणून करायला मिळाली, तीत त्यांनी दर तीन मजल्यांना एक अंगण ठेवलं. दोन बाजूंनी उघडं, उत्तरेला आणि दक्षिणेला. मातीनं भरलेली सिमेंटची कुंडी, तीत वेल. बसायला ओटा. खालचं प्रत्येक अंगण वरच्यापेक्षा थोडं पुढे आलेलं, वेलाला ऊन मिळावं म्हणून. आणि जिना असा की तो एका अंगणापासून दुसऱ्या अंगणापर्यंत सरळ उतरतो, कुठे वळत नाही; वळायचं ते फक्त अंगणात. एका कोपऱ्यात जिना संपतो, अंगण ओलांडायचं, समोरच्या कोपऱ्यातून पुढचा जिना सुरू होतो. लिफ्ट बंद असली की बाराव्यावरच्या माणसाला तीन अंगणं ओलांडावी लागत, आणि अंगण ओलांडायचं म्हणजे तिथे बसलेल्यांना सलाम करणं आलं, चहा नको म्हणणं आलं, आग्रह झाल्यावर टेकणं आलं. याला वडील इमारतीचा रक्तप्रवाह म्हणत. लहानपणी मुश्तरीला हे सारं अतिशय कंटाळवाणं वाटे. शाळेत उशिरा पोचल्याचं कारण म्हणून तिनं एकदा 'रक्तप्रवाह' असं सांगितलं होतं.

पुढे ती इमारतींतल्या उष्णतेचा अभ्यास करायला गेली, वडिलांमुळे नव्हे, वडिलांशी वाद घालता यावा म्हणून. ते बोट वर करून वारा सांगायचे. तिला आकडा हवा होता. प्रयोगशाळेतून तिनं उष्णता मोजायचा एक काळा रंगवलेला तांब्याचा पोकळ गोळा आणि वारा मोजायची चकती आणली आणि वेलाखाली टांगली. आकडे निघाले ते वडिलांच्या बाजूचे निघाले. चिल्ल्यात, त्या चाळीस तापत्या दिवसांत, खोलीत जीव नको व्हायचा तेव्हा अंगणात उत्तरेची सावलीतली हवा हळू खालून शिरे, दक्षिणेची तापलेली वरून निघून जाई, आणि मधल्या पलंगावर झोपलेल्या माणसाला चादर लागे. हे तिनं मोजलं, मांडलं, लिहिलं. पण ज्या वर्षी लिहिलं त्या वर्षापासून शहराला काचेचं वेड लागलं. जुन्या इमारतींच्या सिमेंटच्या जाळ्या, सूर्य अडवायला म्हणून ओतलेली ती चांदण्यांची आणि षट्कोनांची नक्षी, काढून निळी काच चढवायला लागले. आता तिच्या प्रयोगशाळेत येत ते काच विकणारे. नमुन्याचा तुकडा ठेवत, दिव्याखाली तापवायला लावत आणि विचारत, पास आहे ना? ती सांगे, काच चांगली आहे, दक्षिणेला नका लावू. ते म्हणत, आपा, दक्षिणेलाच तर रस्ता आहे, दिसायला नको? वाक्याचा पहिला अर्धा भाग त्यांच्या जाहिरातीत येई. दुसरा अर्धा तिच्याजवळ उरे. असे अर्धे अर्धे भाग साठून साठून तिच्या छातीत एक घट्ट गोळा झाला होता, आतून पोकळ, बाहेरून काळा, आणि तो फक्त तापायचं काम करत होता.

वडिलांना मात्र आता आकडा नको होता, बोटही वर करता येत नव्हतं. सकाळी पलंगावर टेकवून बसवलं की ते वेलाच्या पानांकडे बघत. बोलणं कमी झालं होतं. खोलीत दार लावून ठेवलं की त्यांचा श्वास वर वर राही, मानेच्या शिरा दिसू लागत. अंगणात आणलं की थोड्या वेळानं खांदे खाली येत. डॉक्टरांनी याला काही नाव दिलं नव्हतं. मुश्तरीच्या लेखी ते साधं होतं: हवेला यायला एक वाट लागते आणि जायला एक. एका बाजूची खिडकी कितीही मोठी करा, वारा तिच्यातून आत येत नाही, नुसता डोकावतो.

रविवारी बैठक अंगणातच झाली, ज्याच्यावर चर्चा त्याच्याच मांडीवर बसून. चौथं घर कामासाठी कोरियात गेलेलं, त्यांचा होकार एल्योरच्या फोनमध्ये होता. तिसरं घर हुरमत खालांचं. खालांना मूलबाळ नव्हतं, गुडघे नव्हते, पण जीभ शाबूत होती. फेरुझानं नान तोडून मांडले, जर्दाळू, खडीसाखर, बदाम. एल्योर स्वतः चहा ओतत होता. पियालीत चहा जितका थोडा तितका मान जास्त. मुश्तरीच्या पियालीत त्यानं जेमतेम एक घोट ओतला. इतका मान तिला त्या घराकडून कधी मिळाला नव्हता. तो घोट बघूनच ती समजली की सगळं ठरलेलं आहे.

तिनं तरी सांगितलं. शांतपणे, जसं विद्यार्थ्यांना सांगते तसं. दोन्ही तोंडं बंद केली की इथली हवा बाहेरपेक्षा किती तापेल, काच ऊन आत घेते पण उष्णता बाहेर सोडत नाही, चारही घरांच्या भिंती त्या तापलेल्या पेटीला लागून असतील.

"एसी लावू ना आपा," एल्योर म्हणाला. "दुकानदार ओळखीचा आहे."

"एसी उष्णता नाहीशी करत नाही, एल्योर. या खोलीतली त्या खोलीत फेकतो."

"मग चौघांनी लावू. कुणाची कुणाकडे फेकली ते कळणारच नाही."

हुरमत खाला डोक्यावरच्या रुमालाआड हसल्या. "पोरी, तू उन्हाचं मला सांगू नकोस. माझ्या खोलीत गेली चाळीस वर्षं ऊन भाडं न देता राहतंय. मला काच हवी ती कबुतरांसाठी. तुझ्या बापानं अंगण माणसांसाठी बांधलं, पण राहिली कबुतरं."

"खाला, वेलाचं काय?"

"वेल तुमच्या कोपऱ्यात. काच लागली तरी द्राक्षं द्यायची ती देईलच. बाई घरात कोंडली म्हणून काय पोरं व्हायची थांबतात?"

फेरुझा लाजून आत गेली. एल्योरनं खडू घेतला आणि फरशीवर रेघा मारल्या: हा आमचा कोपरा, हा खालांचा, हा तुमचा, हा कोरियावाल्यांचा, आणि मधून ही वाट, वरच्या जिन्यापासून खालच्या जिन्यापर्यंत, मध्ये एक वळण. मुश्तरी त्या वळणाकडे बघत राहिली. काटकोन होता. दोन्हीकडे वाट सारख्याच रुंदीची, दोन माणसं एकमेकांना खेटून जातील इतकी. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती हेच गणित घालायची, काटकोनी बोळातून जास्तीत जास्त किती लांबीचं कपाट नेता येईल. रुंदी माहीत असली की उत्तर दोन ओळींत निघतं. आणि तिच्या नकळत ते निघालं. पण डोक्यात कपाट नव्हतं. डोक्यात हिरव्या चादरीनं झाकलेली एक लाकडी खाट होती, माणसाच्या लांबीची, चार दांड्यांची, आणि ती बोळातून वळत नव्हती. बरीच कमी पडत होती. तिनं मान वर केली तर वडील तिच्याकडे नाही, खडूच्या त्याच वळणाकडे बघत होते.

आई गेली तेव्हा फेब्रुवारी होता, वेल नुसत्या काटक्या. पुरुष कमरेला शेले बांधून दाराशी उभे होते. मशिदीतून जनाज्याची खाट वर आली ती जिन्यानं, रिकामी होती, हलकी होती, तिचं कुणाला काही वाटलं नाही. निघायच्या वेळी ती लिफ्टशी नेली आणि सगळे थांबले. खाट लिफ्टच्या पुढे लांबच लांब पसरली होती. लिफ्ट चार उभ्या माणसांच्या मापाची. वडिलांनी दार उघडलं, आत हात घालून मागच्या भिंतीला लावला, जणू ती मागे ढकलता येईल. त्यांनी अंगण वर आणलं होतं, वेल आणला होता, ओटा, सलाम, चहा, लग्नातल्या कढया मांडायची जागासुद्धा आणली होती. मोहल्ल्यातली एकच गोष्ट आणायची राहिली होती. त्या वयात, त्या काळात, कागदावर पेन्सिल चालवताना त्यांच्या मनात आलंच नव्हतं की वर राहायला आलेलं माणूस एक दिवस आडवं खाली जाणार आहे. कुणीतरी हळूच म्हणालं की बाकीच्या इमारतींतून गोधडीत गुंडाळून, बसवून नेतात. वडील म्हणाले, नाही. मग जिन्यानं. जिना सरळ होता, खाट उतरली. बायका कब्रस्तानात जात नाहीत. मुश्तरी कठड्याशी उभी राहिली, हुरमत खालांनी तिला मागून धरलेलं. खाली सहाव्या मजल्याच्या अंगणात हिरवी चादर बाहेर आली, उजेडात, अंगणभर फिरून वळली, माणसांनी खांदे बदलले, सहाव्यावरच्या म्हाताऱ्यांनी दोन दोन पावलं खांदा दिला, आणि चादर पुन्हा आत गेली. मग तिसऱ्यावर तसंच. आईला दोनदा जाताना तिनं बघितलं. संध्याकाळी वडील परत आले ते लिफ्टनं नाही, चालत, आणि त्यानंतर इमारतीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. जे विसरलं होतं ते अंगणांनी निभावून नेलं होतं, वारा यावा म्हणून ठेवलेल्या त्या रिकाम्या जागेनं. याचा त्यांना दिलासा वाटला की शरम, हे तिनं कधी विचारलं नाही.

तेव्हा आता तिच्याकडे एक मुद्दा होता. उष्णतेचा मुद्दा कुणाला शिवत नव्हता, पण हा एकच मुद्दा असा होता की तो ऐकून एल्योरच्या हातातला खडू खाली पडला असता. आणि नेमका तोच उच्चारता येत नव्हता. बाप समोर पलंगावर बसलेला, गुडघ्यावर उशी, दाढीत नानचा कण. आणि मुलीनं म्हणायचं की यांना न्यायला वाट ठेवा? तिनं पियाली उचलली, खाली ठेवली. जिभेवर वाक्य तयार होतं, सोपं, बिनचूक. तिनं ते निरनिराळ्या तऱ्हांनी फिरवून बघितलं, कुणाचं नाव न घेता, पुढेमागे म्हणून, अडीअडचण म्हणून. पण ते वाक्यही त्या खाटेसारखंच होतं, कुठल्याच बाजूनं वळत नव्हतं.

"एल्योर," वडील म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. आवाज खरखरीत होता, पण शब्द स्पष्ट. डोळ्यांत थोडी मिस्कीलीसुद्धा होती, आजारपणाच्या आधीची.

"मग मला कुठून काढशील रे?"

कठड्यावर कबुतर चालत होतं, त्याची नखं ऐकू येत होती. मुश्तरीला वाटलं, सुटलो. बोललं गेलं, आणि ज्याला बोलायचा हक्क होता तोच बोलला. तिनं एल्योरकडे बघितलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. तो खडू टाकून गुडघ्यांवर पुढे सरकला आणि त्यानं वडिलांचा लुळा हात दोन्ही हातांत धरला.

"असं बोलू नका दोमला. तोबा, तोबा. तुम्ही कुठे चाललात? माझ्या धाकट्याचं लग्न तुमच्या हातानं लावायचंय. तुमच्यासाठी आम्ही दार उघडं ठेवून वाट बघायची का? लोक काय म्हणतील, शेजारी म्हातारा जायची जागा राखून बसलेत?"

"जीभ आवरा जरा," खाला वडिलांवर ओरडल्या. तसं ओरडायचं त्यांचं वय होतं. "काळाला वाट दाखवतो का कुणी? अरे, हात वर करा सगळे." आणि त्यांनी आपले सुकलेले दोन्ही तळवे उघडून समोर धरले. "अल्ला दोमलांना शंभर वर्षं देवो, या घरातून त्यांना फक्त लग्नाला आणि पुलावाला बाहेर काढो, या चारही घरांवर त्यांची सावली राहो. आमीन."

"आमीन," एल्योर म्हणाला. "आमीन," दारातून फेरुझा म्हणाली. वडिलांनी डावा हात उचलून चेहऱ्यावरून फिरवला. आणि मुश्तरीनंही दोन्ही हात उचलले. बापाच्या शंभर वर्षांना आमीन म्हणायचं नाही, तर मग म्हणायचं कशाला? तळवे चेहऱ्यावरून खाली येत असताना तिला समजलं की बैठक संपली. दुआ झाली की उठायचं असतं. दुआनंतर कुणी वाद काढत नाही, तो अपशकुन. एल्योरनं पियाल्या गोळा केल्या, फरशीवरच्या खडूच्या रेघा मात्र पुसल्या नाहीत.

पुढचे दिवस ती चिडून राहिली, आणि कुणावर हे तिला नीट ठरवता येईना. एल्योरवर चिडावं तर त्यानं तिच्या बापाचा मृत्यू नाकारला होता, यापेक्षा मोठी माया कोणती? कामावर जाताना बसच्या खिडकीतून नवे मनोरे दिसत, निळे, हिरवे, तपकिरी चष्म्याच्या रंगाचे, प्रत्येक दुसऱ्याचं ऊन उचलून तिसऱ्याच्या डोळ्यांत मारत होता. त्यांच्या पायथ्याशी माणसं भिंतीच्या कडेकडेनं, वीतभर सावलीतून चालत. तिला वाटे, हे काही कुणी दुष्टपणानं केलेलं नाही. प्रत्येकानं आपापला कोपरा घेतला आणि सगळ्यांनी मिळून आमीन म्हटलं. प्रयोगशाळेत एका विक्रेत्यानं काचेचा तुकडा पुढे केला. तिनं न बघताच म्हटलं, "चांगली आहे." दुसरा अर्धा भाग सांगायचा तिला कंटाळा आला होता. तो मनुष्य अस्वस्थ झाला. "दक्षिणेला लावू का?" त्यानंच विचारलं. "लावा की," ती म्हणाली, आणि नंतर हात धुवायला गेली, खूप वेळ धूत राहिली.

काच चिल्ला लागायच्या आत बसली. बसवणारे भराभर काम करणारे होते. बाहेरच्या दोन्ही बाजू, मग आतले पडदे, मग मधली वाट. संध्याकाळपर्यंत अंगण नव्हतं. तिच्या कोपऱ्यात वेल होता, पलंग होता, उघडणारी एक खिडकीही होती, एल्योरनं आठवणीनं मोठी करून घेतलेली. वडिलांना तिथे बसवलं. खिडकी पूर्ण उघडली. ते पानांकडे बघत बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हलत नाही." ती बापाला म्हणाली, "आज वाराच नाही, दादाजान." खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीवरची वाळत घातलेली चादर फडफडत होती. त्यांनी ती बघितली, पण तिच्या खोटं बोलण्याला हरकत घेतली नाही. त्यांचा श्वास वर वर चालला होता.

शुक्रवारी हुरमत खाला नव्या काचेची दृष्ट काढायला निघाल्या. तव्यात निखारे, त्यावर वाळलेलं इसिरीक, जिथे तिथे जाळतात तेच रानटी गवत. त्याचा उग्र कडवट धूर काचेच्या वाटेत दाटला. खाला पुटपुटत पुढे, मागे मुश्तरी तव्याखाली धरायला फडकं घेऊन. धूर कोंडलेला होता, भिंतीला टेकून आळसावून वर चढत होता, आणि तिच्या डोळ्यांनी सवयीनं त्याचा माग घेतला. वळणाशी धूर फाटला. काचेच्या एका उभ्या फटीपासून तो टाचणीनं टोचल्यासारखा मागे हटत होता, सरळ रेषेत, वरपासून खालपर्यंत, आणि मग जिन्याकडे वाहून जात होता. ती थांबली. बाकीच्या सगळ्या काचांच्या कडांना रबरासारखा पांढरा लेप भरलेला होता. या एका काचेला नव्हता. वळणाच्या आतल्या कोपऱ्यातली काच, उभी, दारापेक्षा रुंद. बाकीच्यांचे स्क्रू टोप्यांखाली झाकलेले. हिचे उघडे, चार, आणि त्यांची डोकी हातानं फिरवता येतील इतकी मोठी. तिनं बोट फटीवर ठेवलं. एल्योरच्या खोलीतल्या उत्तरेच्या खिडकीची हवा तिथून येत होती, उंच जिन्याच्या नळकांड्यानं ओढलेली, बारीक, दोऱ्यासारखी. ही काच काढली तर वळण उरत नव्हतं. तिनं मनातलं गणित नव्या मापानं पुन्हा सोडवलं. खाट सहज वळत होती. खांदे बदलायलाही जागा उरत होती.

"खाला," ती म्हणाली, "इथे लेप भरायचा राहिलाय."

खालांनी धुरातून तिच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे पाणावलेले होते, ते धुरामुळेही असेल. "राहिला असेल," त्या म्हणाल्या. "चल, तवा हाताला लागतोय."

तवा ठेवून मुश्तरी जिना उतरली. सहाव्यावर काचेची वाट होती, तिथून ती इतकी वर्षं ये-जा करत आली होती, आणि वळणावरची एक काच हिवाळ्यात शिट्टी घालते म्हणून दर वेळी मनात म्हणाली होती, काय हलगर्जी काम. ती त्या काचेपुढे उभी राहिली. चार मोठे स्क्रू. लेप नाही. आतून कुणीतरी भांडी घासत होतं. तिसऱ्यावर तेच, तिथले दोन स्क्रू तर नवे होते, चकचकीत, म्हणजे मध्ये एकदा निघाले होते. तिला तिसऱ्यावरचे जुने मास्तर आठवले, गेल्या शरदात गेलेले. ती तेव्हा समरकंदला होती, परत आली तेव्हा काच जागेवर होती. कुणी तिला काही बोललं नव्हतं, कुणी कुणालाच काही बोललं नसणार. हलव्याचं ताट घेऊन वर आलेले सहाव्यावाले वडिलांजवळ बराच वेळ बसले होते, इतकंच तिला आता आठवत होतं. ती पायरीवर बसली. राग कुठे ठेवायचा हे अजूनही कळत नव्हतं. एल्योरनं माप घेतलं होतं. तिच्या बापाची लांबी त्यानं मनात धरली होती, बहुधा त्या दिवशी, जेव्हा त्यानं त्यांना उचलून खाली नेलं. हे तिनं त्याला कधी विचारायचं नव्हतं, आणि त्यानं कधी सांगायचं नव्हतं, आणि अंगण बंद ते बंदच होतं.

वर आली तेव्हा पलंग रिकामा होता. ती घाबरून वाटेत आली. वडील काठीवर भार टाकून, एक पाय ओढत, वळणापर्यंत पोचले होते, आणि एल्योर त्यांच्यामागे खुर्ची घेऊन उभा होता, बनियनवर, नजर खाली.

"म्हणतात, इथेच बसायचंय," एल्योर म्हणाला. "मी म्हटलं, दोमला, येण्याजाण्याची वाट आहे, लोकांचे पाय लागतील. ऐकत नाहीत."

"इथे वारा आहे," वडील म्हणाले.

त्यांनी खुर्ची स्वतःच्या डाव्या हातानं हलवून अशी लावली की फट बरोबर त्यांच्या गालाशी आली. मग बसले. वरून फेरुझाची मोठी मुलगी उतरत आली, वाट अडलेली बघून थांबली, सलाम केला, अंग चोरून पुढे गेली. वडिलांनी तिला चहा विचारला. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले.

मुश्तरीनं आतून उशी आणून त्यांच्या पाठीशी लावली. एल्योर गेला नव्हता. ती वाकली आणि त्या बिनलेपाच्या कडेवर कपाळ टेकलं, जिथे पहिल्या दिवशी आपटलं होतं, बरोबर तिथे. बारीक, गार, सुईसारखी हवा येत होती. मोजायला गेलं तर तिच्या चकतीनं ती दाखवलीसुद्धा नसती.